गावचं मातीचं धरण: पाण्याला पाच स्टार, देखभालीला दोन

हा रिव्ह्यू फिरायला येणाऱ्यांसाठी कमी आणि धरणाच्या खाली राहणाऱ्यांसाठी जास्त. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आमचं जुनं मातीचं धरण, नाव मुद्दाम लिहीत नाही.

पाण्याची तक्रारच नाही. वायंगण शेती (पावसाळ्यानंतरचं भात) आणि कुळागरं (माडा-पोफळींच्या बागा) दोन्ही याच कालव्यावर, भर मे महिन्यात माडा-पोफळींना पाणी मिळतं, अजून काय पाहिजे.

पण बांधावरून जरा खाली उतरून बघा. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, म्हणूनच तर पायथ्याला वाळू-खडीचा फिल्टर आणि चर दिलेला असतो. बघायचं ते एवढंच की ते पाणी निवळ आहे की गढूळ, आणि तलावाची पातळी तेवढीच असताना ते गेल्या वर्षीपेक्षा वाढलंय का. गढूळ येतंय म्हणजे आतली माती वाहून जातेय, आत पोकळी होत जाते आणि वरून काहीच कळत नाही. आमच्याकडे हा चरच रानात गडप झालाय, मग पाझर मोजणार कोण आणि कुठे? रेलिंगला मात्र नवीन रंग, वर सेल्फी पॉइंट!

उतारावर अकेशिया वाढलाय. लोक म्हणतात सावली छान पडते. अरे बाबांनो, मुळं भरावात शिरतात, आणि मोठं झाड तोडून सोडून दिलं तरी मुळं कुजून आत बोगदे राहतात, म्हणून रोप लहान असतानाच उपटायचं असतं, उतारावर फक्त गवत हवं. वारूळं, उंदीर-घुशींची बिळं हाही तसलाच प्रकार.

सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, तोंडाशी पावसाळ्यात कोणीतरी मासे धरायला जाळी लावतं, तिला पालापाचोळा अडकतो, मग पाणी तुंबून माथ्यावरून जाऊ शकतं. काँक्रीटचं धरण वरून पाणी गेलं तरी एखादवेळी निभावून नेईल, मातीचं नाही, एकदा पाणी माथ्यावरून वाहायला लागलं की भराव कापत जातं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, नंतर खापर फोडलं खेकड्यांवर.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरच्या वरच्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. होतही असेल, पण अहवाल पंचायतीत लावा ना, मराठी-कोंकणीत, आम्हालाही वाचू दे. तो लागला आणि पायथा साफ झाला तर मी स्वतः येऊन तिसरा स्टार देतो.

फिरायला येणाऱ्यांनी गाडी खालीच ठेवावी, माथ्यावरचा रस्ता पार्किंगसाठी नाही. चहाची टपरी बरी आहे, भजी गरम असतील तरच घ्या.