आयईपी मीटिंगला कोण बरोबर हवं, माजी शिक्षक की वकील?

अमेरिकेत मुलाच्या आयईपीवरून (खास गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने करायचा लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा) पब्लिक स्कूलशी जमत नसेल तर पहिला फोन कोणाला करायचा, वकिलाला की तिथेच वर्षानुवर्षं शिकवून आता कन्सल्टंट झालेल्या शिक्षकाला? मी तरी म्हणेन आधी शिक्षक. कारण ते स्वतः टेबलाच्या पलीकडे, शाळेच्या बाजूने बसलेले असतात, आराखड्यातला गोल (ध्येय) मोजता येईल असा लिहिलाय का, 'सपोर्ट देऊ' म्हणजे आठवड्याला नेमकी किती मिनिटं, हे त्यांना पटकन दिसतं आणि शाळेशी बोलणंही तुटत नाही, ते तर फारच महत्त्वाचं, मूल उद्या त्याच वर्गात बसणार असतं ना. आणि मुलाबद्दल माहिती किंवा खास जाण असलेली व्यक्ती बरोबर न्यायचा हक्क आयडीईए या विशेष शिक्षणाच्या अमेरिकन कायद्यानेच पालकांना दिलाय.

वकील कधी? शाळा सेवाच नाकारतेय आणि प्रकरण ड्यू प्रोसेसपर्यंत, म्हणजे शाळेविरुद्धच्या औपचारिक कायदेशीर सुनावणीपर्यंत गेलंय, तेव्हा. तिथे जिंकलात तर कोर्ट वकिलाची फी स्कूल डिस्ट्रिक्टकडून मिळवून देऊ शकतं, कन्सल्टंटची मात्र नाही, २००६ मध्ये आर्लिंग्टन विरुद्ध मर्फी खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच ठरवलं, त्यामुळे तो खर्च आपलाच धरून चला.