खनिजांचे थेंब विकत घेण्याआधी हे वाचा

खानापूर तालुक्यात, बेळगावच्या आसपासच्या गावांत किंवा निपाणी-चिकोडीकडे कुणी देवळाच्या सभामंडपात 'मोफत फुल बॉडी चेकअप'चं टेबल मांडलं, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथे एकटं सोडू नका. आमच्या गावात असं शिबिर झालं आणि आईच्या तब्येतीचे पुढचे काही महिने वाया गेले.

टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली छोटी पेटी आणि मुठीत धरायची धातूची कांडी. नाव, वय, उंची, वजन टाइप करायचं, मिनिटभर कांडी धरायची, की रंगीत रिपोर्ट तयार. झिंक कमी, सेलेनियम कमी, क्रोमियम कमी. पांढरा कोट घातलेला माणूस आईला म्हणाला, "मावशी, तुमच्या अंगात मिनरल्सच नाहीत की वो! आताच्या भाजीपाल्यात काय राहिलंय? जमिनीच मेल्यात." शेतात जन्म गेलेल्या बाईला हे लगेच पटतं. खतांची पोती वाढत गेलेली तिने स्वतः पाहिली आहेत. हे वाक्य कुणापुढे टाकायचं, हे त्या लोकांना बरोबर ठाऊक असतं. कोटवाला डॉक्टर नव्हताच, खनिजांचे थेंब विकणाऱ्या कंपनीचा वितरक होता.

पुढे दुसऱ्या गावातल्या त्यांच्याच शिबिरात मी गेलो. एका टेबलावर खरं वय सांगितलं, दुसऱ्यावर पंचवीस वर्षं वाढवून सांगितलं. हात तोच, दुपार तीच, रिपोर्ट मात्र वेगवेगळे. एकात झिंक भरपूर, दुसऱ्यात धोक्याच्या खाली. रक्त न काढता, कांडी धरून शरीरातलं झिंक किंवा सेलेनियम कळत नाही. लोह कमी आहे का हे पाहायलाही रक्ताचीच तपासणी लागते, आणि ती तालुक्याच्या गावीही होते.

मग दिव्याचा खेळ. ग्लासात पाणी, त्यात दोन वायरी, बाजूला छोटा बल्ब. साध्या पाण्यात बल्ब लागत नाही, बाटलीतले थेंब टाकले की लागतो. "बघा, ही आयोनिक शक्ती!" बायका टाळ्या वाजवतात. माझ्या हायस्कुलातल्या पुतण्याने घरी तोच प्रयोग बॅटरी आणि चमचाभर मीठ घेऊन केला. बल्ब लख्ख लागला. क्षार विरघळलेल्या कुठल्याही पाण्यातून वीज वाहते, त्यावरून ते पाणी औषधी ठरत नाही.

बाटली 60 मिलीची, किंमत 1,450 रुपये, आणि 'कोर्स' तीन बाटल्यांचा. वर लिहिलेलं: 72 खनिजं. ऐकायला मोठं वाटतं. शरीराला सूक्ष्म प्रमाणात लागणारी खनिजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत: लोह, झिंक, तांबं, आयोडीन, सेलेनियम, मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि ब 12 जीवनसत्त्वातून येणारं कोबाल्ट. आकडा 72 वर न्यायचा तर यादीत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम अशी नावंही येऊ लागतात, आणि त्यांचा शरीराला काही उपयोग नाही. उपयोगी खनिजही जास्त झालं की विष होतं. 2008 साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात (सप्लिमेंटमध्ये) लेबलवर लिहिलेल्यापेक्षा सुमारे 200 पट सेलेनियम निघालं. दहा राज्यांतली दोनशे माणसं आजारी पडली, केस गळाले, नखं खराब झाली. आणि ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांच्या शरीरात मॅग्नेशियम, पोटॅशियम साचत जातं. शिबिरात किडनीबद्दल कुणालाही एक प्रश्न विचारला गेला नाही.

आईचं नुकसान झालं ते आणखी वेगळ्या वाटेने. ती कित्येक वर्षं थायरॉईडची गोळी घेते, पहाटे, उपाशीपोटी. कोटवाल्याने थेंबही पहाटे उपाशीपोटीच घ्यायला सांगितले. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम गोळीसोबत पोटात गेलं की गोळीतलं औषध आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. दोन्हींत किमान चार तास अंतर लागतं. आई गोळी चुकवत नव्हती, पण ती लागू पडत नव्हती. दिवसभर गळून जाणं, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज. तिने कंपनीच्या माणसाला फोन केला तर उत्तर आलं, "चांगली खूण आहे मावशी, अंगातली घाण बाहेर पडतेय. दोन थेंब वाढवा." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. बरं वाटलं तर श्रेय बाटलीचं, त्रास झाला तरी श्रेय बाटलीचंच! अशा उत्तरामुळे माणूस डॉक्टरकडे जायचा थांबतो.

शेवटी बेळगावच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, 14 वर गेलेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नवीन काय सुरू केलंय?" थेंब बंद केले, गोळीचा डोस तोच ठेवला, आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला.

आईला शिबिरात नेणाऱ्या शेजारच्या वहिनींवर गावात बोट दाखवलं गेलं. ते मला पटत नाही. त्यांनाच सगळ्यात मोठा फटका बसला आहे. 'तुमच्या खाली सहा जणी जोडा, बाटल्या फुकट पडतील' म्हणून त्यांना वितरक केलं, महिला संघातून कर्ज काढायला लावून पेटीभर माल गळ्यात मारला. माणसं जोडण्यावरच पैसा फिरवणाऱ्या पिरॅमिड योजनांना 2021 च्या थेट विक्री नियमांत बंदी आहे. वहिनींना हे कोण सांगणार?

बाटलीवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 14 आकडी क्रमांक दाखवून 'सरकारमान्य' म्हणतात. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, आजार बरा होतो याचा दाखला नव्हे. उलट अशा पूरकांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं बंधनकारक आहे. आमच्या बाटलीवर ते बारीक इंग्रजीत होतं. आणि मराठी पत्रकात मात्र मधुमेह, बीपी, सांधेदुखी सगळं बरं! मधुमेह किंवा बीपी बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पत्रक फेकू नका, तोच पुरावा आहे.

पैसे परत मागितले तर म्हणाले, "आमचं ऑफिस महाराष्ट्रात, तक्रार तिकडे करा." सीमाभागातल्या माणसाला ही टोलवाटोलवी नवी नाही, आणि इथेच बरेच जण हात टेकतात. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. म्हणजे बेळगावातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं.

आईची तक्रार आम्ही दाखल केली आहे आणि वहिनींचीही कागदपत्रं तयार होत आहेत. त्यांच्याकडे छापील बिल नाही, पण यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'दोन थेंब वाढवा'सारखे मेसेज आणि सील न फोडलेल्या बाटल्या आहेत. तुमच्याकडे यातलं काहीही असेल तर मोबाइल बदलण्याआधी ते उतरवून ठेवा, आणि घरात कुणी थायरॉईडची, किडनीची किंवा बीपीची औषधं घेत असेल तर बाटली घेऊन आजच त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.