फिश थाळी बेस्ट, पण बोर्डावर 'अस्सल मालवणी' कशाला?

चवीला 4 स्टार, मेनू कार्डाला 1. बेळगावात टिळकवाडीत नवीन फिश खानावळ झालीय, नाव मुद्दाम घेत नाही कारण पोरं मन लावून करतात, पण बाहेर हातभर अक्षरात 'अस्सल मालवणी' लिहिलंय. मालकांना विचारलं, काय ओ, बांगडा कुठला? तर कारवारचा. आचारी? अंकोल्याचा. मिरची बेडगी, तीपण हावेरी साइडची, जिला 2011 पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. मग यात मालवण कुठं आलं ओ? मालक हसले, म्हणाले मालवणी लिहिलं की गिऱ्हाईक आत येतंय. अहो पण कारवारी लिहा की अभिमानानं! तो बांगडा इतका ताजा होता, तिरफळाचा वास असा काही दरवळत होता आणि आमटी भाकरीबरोबर अशी लागत होती की दुसऱ्या गावाचं नाव उसनं घ्यायची गरजच नाही.

खरा राग आला तो भातावर. 'आजरा घनसाळ' म्हणून वेगळे 60 रुपये घेतात आणि ताटात येतो लांब दाण्याचा, बिनवासाचा भात. घनसाळचा दाणा बारका, वाफेलाच सुगंध येतो, आजरा इथनं काय लांब नाही, आमच्याकडं सगळ्यांना माहितीये. 2016 ला त्याला जीआय मिळालंय म्हणजे ते नाव तिथल्या शेतकऱ्यांचं आहे, कुठल्यापण तांदळाला चिकटवायचं नाही. असंच चाललं तर खरा घनसाळ पिकवणाऱ्याला भाव कोण देणार?

बाहेर बघा, स्कॉटलंडात हॅडॉक मासा धुरावून 'आर्ब्रोथ स्मोकी' करतात, ते नाव 2004 पासून संरक्षित आहे, आर्ब्रोथ गावाच्या 8 किमीच्या आत केला नसेल तर ते नाव लावता येत नाही. मग आपल्या कारवारच्या बांगड्यानं काय घोडं मारलंय?

सोलकढी ठीकठाक, कोकम खरं वाटलं, नारळाचं दूध जरा पातळ. सुरमई फ्राय महाग आहे पण तुकडा मोठा देतात, रवा जास्त नाही. सर्व्हिस स्लो. थाळी घ्या, बांगडा घ्या, घनसाळच्या नादाला लागू नका, साधा भात मागा, तोच येतो. रविवारी दुपारी लौकर जावा, एकनंतर बांगडा संपतोय.