डब्ल्यूसी पॉलिसी: बोट, बाग आणि चिरेखाण चालवणाऱ्यांनी सही करण्याआधी

कामावर माणूस जखमी झाला किंवा गेला तर मालकाने द्यायची भरपाई ही पॉलिसी भरते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याच्याकडे चार माणसं कामाला आहेत, त्याने ती घ्यावीच. फक्त एजंट जशी भरून आणतो तशी डोळे मिटून घेऊ नये. कागदावर नाव ‘कर्मचारी भरपाई विमा’, बोलण्यात अजून डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन). मसुदा बहुतेक कंपन्यांचा जवळपास सारखाच असतो. खरा फरक पडतो तो प्रस्ताव अर्जात काय लिहिलं आणि मागे कुठली एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेलं जादा कलम) जोडली यात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २ लाख देते, मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख मिळतात. दोन्ही चांगल्या आहेत, जरूर काढा. पण ते पैसे कामगाराच्या घरच्यांना मिळतात. त्यामुळे मालकाच्या डोक्यावरची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. ती उचलते फक्त डब्ल्यूसी, म्हणून कोर्ट रक्कम कशी काढतं हे पाहूनच ही पॉलिसी तपासावी लागते.

१९२३ चा भरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, हिशेबाचं सूत्र मात्र तेच राहिलं. चूक कोणाची, हा प्रश्न इथे मुख्य नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढं पुरतं. मृत्यू झाला तर मासिक वेतनाचा ५० टक्के, कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे.

तीस वर्षांचा खलाशी धरा, महिना १८,००० घेणारा. कोर्ट १५,००० धरणार. त्याचे निम्मे ७,५००, गुणक २०७.९८, भरपाई १५,५९,८५० रुपये. आता हप्ता एकूण जाहीर वेतनावर बसतो म्हणून अर्जात पगार १०,००० दाखवला असेल, तर कंपनी १०,३९,९०० वर बोट ठेवते. उरलेले ५,१९,९५० मालकाच्या खिशातून. हप्त्यात वाचलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत. आमच्या मते या पॉलिसीत सर्वात महागात पडणारी चूक हीच, आणि ती टाळणं पूर्णपणे मालकाच्या हातात आहे.

दुसरी गळती व्याजाची. रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच सांगितलं. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज चढतं. वरच्या खलाशाचा दावा चार वर्षं चालला तर व्याजच ७,४८,७२८ होतं. विमा कंपनीला करारात व्याजाची जबाबदारी वगळता येते, असा २००६ चा निकाल आहे, आणि मूळ मसुद्यात ते पुष्कळदा वगळलेलं असतं. म्हणून ‘व्याजासह’ अशी एंडॉर्समेंट मागून घ्या. विनाकारण उशीर केल्याबद्दल कोर्ट ५० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतं. तो कंपनी भरत नाही, मालकालाच भरावा लागतो.

जखमेचा हिशेब वेगळा चालतो. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, अंगठा ३० टक्के, अशी यादी कायद्यातच आहे. चिरे कापणाऱ्या मशीनवर चाळीस वर्षांच्या माणसाची तर्जनी गेली तर १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले १८४.१७, त्याचे १४ टक्के, म्हणजे साधारण २,३२,०५४. यादीत नसलेल्या जखमेत मात्र डॉक्टरचा अपंगत्वाचा दाखला हा शेवटचा शब्द नसतो. कोर्ट बघतं की हा माणूस आपलं काम पुन्हा करू शकेल का. १९७५ च्या त्याच निकालात एक हात गमावलेल्या सुताराचं कमाईचं नुकसान १०० टक्के धरलं गेलं. झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन हापूसच्या झाडावर चढणारा तेवढ्याच वयाचा गडी खाली पडून मणक्याला मार लागला, दाखल्यावर ४० टक्के लिहिलं, तरी तो पुन्हा झाडावर चढणार नसेल तर आकडा ६,६३,०१२ वरून १६,५७,५३० पर्यंत जाऊ शकतो. म्हणून माणशी मर्यादा घातलेली स्वस्त पॉलिसी आम्ही सुचवत नाही.

उपचाराचा खर्चही असाच निसटतो. प्रत्यक्ष आलेला खर्च मालकाने द्यायचा, असं कायदा सांगतो. पॉलिसीत तो एक तर नसतो किंवा माणशी ठरावीक रकमेपुरता असतो. आपल्याकडे मोठी दुखापत म्हणजे कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी नाहीतर मुंबई, त्यामुळे ही मर्यादा जेवढी वाढवून मिळेल तेवढी घ्या.

ठेकेदाराची माणसं हा कोकणातला खरा घोळ. चिरेखाणीचं कटिंग मुकादमाकडे, बागेची फवारणी आणि तोडणी दुसऱ्याकडे. तुमच्या नेहमीच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी कामगार थेट तुमच्यावर दावा लावू शकतो. तुम्ही नंतर ठेकेदाराकडून वसूल करा. पॉलिसीत ठेकेदाराचे कामगार वेगळे जाहीर केले नसतील तर कंपनी हात वर करते. माणसांची संख्याही ऐन हंगामातली लिहा. आंब्याला आलेले नेपाळी राखणदार पावसाळ्यातल्या यादीत नसतात.

बोटीवर अडचण निराळी. वाट्यावर काम करणारा खलाशी नोकर की भागीदार, यावरच दावा अडतो. उचल दिल्याची वही, प्रत्येक फेरीला कोण चढलं त्याची तारखेनिशी यादी, वाट्याचा हिशेब बँकेतून दिल्याची नोंद, एवढं असेल तर नोकरीचं नातं आणि वेतन दोन्ही सिद्ध होतात. समुद्रात हृदयविकाराने मृत्यू झाला तर कामाच्या ताणाशी संबंध पुराव्याने दाखवावा लागतो, म्हणून शवविच्छेदन टाळू नका. ‘तो प्यायलेला होता’ हा बचाव मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वात चालत नाही.

येण्याजाण्याच्या वाटेवरचा अपघातही आता धरला जातो, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात हाच निर्वाळा दिला. टेम्पोतून माणसं आणणाऱ्यांनी पॉलिसीत प्रवास वगळलेला नाही ना, ते पाहावं.

दाव्याची सेवा कशी? कॅशलेस असं काही नाही. कंपनीला लगेच लेखी कळवायचं, मग तपासनीस येतो, हजेरीपट आणि पगारपत्रक मागतो. ते नसेल तर तिथेच गाडी अडते. मृत्यूच्या प्रकरणात घरी जाऊन रोख रक्कम द्यायची आणि स्टॅम्प पेपरवर ‘तक्रार नाही’ लिहून घ्यायचं, ही पद्धत कृपया सोडा. ती रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. हातोहात दिलेली भरपाई म्हणून धरली जात नाही आणि विमा कंपनीही ती परत देत नाही. शिवाय ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्यांच्या हाती हक्काच्या रकमेचा तुकडाच पडतो.

मालकाला अपील करायचं तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते, आणि तेही महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यावरच. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालय कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये आहे, मुंबईची खेप वाचली.

ज्या कामगारांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे त्यांना या पॉलिसीत धरायची गरज नाही. बाकीच्यांसाठी नूतनीकरणाची तारीख हंगाम बघून ठेवा: बोटीची १ ऑगस्टला मासेमारी सुरू होण्याआधी, बागेची राखणदार येण्याआधी. खंड पडलेल्या दिवसांतल्या अपघाताला मागच्या दहा वर्षांचे हप्ते उपयोगी पडत नाहीत.