पाचशे बॅकलिंकांपायी गटाची वर्षभराची बचत गेली

वेबसाइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्याचा मला आला होता, अगदी तसाच फोन गेल्या आठवड्यात हिंगणघाटच्या माझ्या भाच्याला आला, म्हणून हे लिहायला बसले.

समुद्रपूर तालुक्यात आमचा बारा जणींचा बचत गट आहे. आम्ही वायगाव हळद विकतो. तिला २०१६ साली जीआय मानांकन (ती याच भागाची खासियत, अशी सरकारी नोंद) मिळालं, पण आमचं गिऱ्हाईक वर्धा-नागपूरच्या पुढे जाईना. म्हणून पुतण्याने वेबसाइट करून दिली. दिवाळीनंतर एकाचा फोन आला. "ताई, साइट छान आहे, पण तिला बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून येणाऱ्या लिंकच नाहीत. ५०० बॅकलिंक लावून देतो, महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर. गॅरंटी."

त्याचं अर्धं बोलणं खरं होतं, तिथेच मी फसले. चांगल्या साइटने आपली लिंक दिली की गूगल ती शिफारस धरतं. पण पैसे मोजून, नंबर वाढवण्यासाठी घेतलेली लिंक गूगलच्या नियमात बसत नाही, हे त्याने सांगितलं नाही. आणि पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे तर गूगल स्वतःच सांगतं.

१४,००० रुपये दिले. महिन्याला शंभर-शंभर टाकून बारा जणींनी वर्षभर जमवलेल्या १४,४०० मधले.

त्याने एक्सेल पाठवली. प्रत्येक साइटपुढे 'डीए ५०', 'डीए ६०'. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइटचं वजन किती याचा एका खाजगी कंपनीचा अंदाज असतो, गूगल तो वापरतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. लिंका उघडल्या तेव्हा निम्म्या जुगाराच्या निघाल्या. एका लेखात तर आमची हळद 'समुद्रपूरच्या रम्य किनाऱ्यावर' पिकवली होती! इथे समुद्र कुठला? आमच्याकडे कपाशी, तूर, सोयाबीन. गटातल्या आजी एवढंच म्हणाल्या, "माय, पैसे द्याच्या आधी दोन तरी उघडून पाहाच्या होत्या ना वं."

फेब्रुवारीत, ऐन हळद शिजवायच्या दिवसांत, सर्च कन्सोलमध्ये (गूगल साइटवाल्यांना निरोप देतं तिथे) 'अनैसर्गिक लिंक' म्हणून मॅन्युअल कारवाईची, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या कारवाईची, सूचना आली. गटाचं नाव टाकलं तरी साइट सापडेना. त्याला फोन केला, तर लिंका काढायचे आणखी ६,००० मागितले. ते दिले नाहीत.

पुतण्याने त्या साइटवाल्यांना मेल केले, उत्तरं दोघांचीच आली. उरलेल्या साइटींची नावं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक, प्रत्येकीआधी 'domain:' लिहून, गूगलच्या डिसअव्हाव टूलमध्ये टाकली. त्याने लिंका पुसल्या जात नाहीत, गूगलने त्या मोजू नयेत एवढी विनंती जाते. मग काय झालं ते सगळं खरं लिहून गूगलकडे फेरविचाराचा अर्ज केला. काही आठवड्यांनी कारवाई उठली. पैसे गेले ते गेलेच. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार मी फार उशिरा केली. पैसे गेल्याबरोबर त्या नंबरवर फोन करायला हवा होता.

आता आम्ही हळकुंडं उकडण्यापासून पॉलिशपर्यंतचे फोटो, वेळ, वजन सगळं साइटवर टाकतो. एक किलो ओल्या हळदीचं वाळून किती उरतं, तेही. नागपूरच्या एका स्वयंपाकाच्या साइटने ते वाचून स्वतःहून लिंक दिली. त्या एका लिंकवरून उन्हाळ्यात अकरा ऑर्डरी आल्या.