दुब्रोवनिक की कोटोर? तटावरून फिरायचंय की तट चढायचाय ते आधी ठरवा

एड्रियाटिकच्या किनाऱ्याला जायचा प्लॅन झाला की हा प्रश्न हमखास येतो. एक क्रोएशियात, दुसरं माँटेनेग्रोत, मधलं अंतर साधारण 90 किलोमीटर, दोन्ही जुनी तटबंदीची शहरं, दोन्ही 1979 साली युनेस्कोच्या यादीत गेलेली. फोटोत तर लाल कौलं, पांढरा दगड आणि निळं पाणी, काही फरकच कळत नाही. त्यामुळे लोक म्हणतात की एक बघितलं म्हणजे दुसरं बघितल्यासारखंच. मला ते अजिबात पटत नाही, कारण दोन्हीकडचा तट वेगळ्याच प्रकारे बघावा लागतो.

दुब्रोवनिकचा तट म्हणजे शहराभोवतीचं पूर्ण कडं, 1940 मीटर, काही ठिकाणी 25 मीटरपर्यंत उंच, आणि तुम्ही त्याच्या माथ्यावरून एकाच दिशेने गोल फिरता. एका बाजूला खाली उघडा समुद्र आणि लोक्रुम बेट, दुसऱ्या बाजूला लोकांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी परसातलं लिंबाचं झाड, म्हणजे अख्खं शहर वरून आणि आतून दोन्हीकडून दिसतं. कौलांकडे नीट बघा, काही फिकट पिवळसर आहेत आणि बरीचशी एकदम भडक केशरी. भडक आहेत ती युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात 1991-92 ला शहराला पडलेल्या वेढ्यानंतर बसवलेली, 6 डिसेंबर 1991 ला तर जुन्या शहरावर सगळ्यात जोरदार तोफमारा झाला होता. नुकसान किती झालं असेल ते मिन्चेता बुरुजावर उभं राहिलं की न सांगता समजतं, म्हणून कितीही चढायचा कंटाळा आला तरी तो बुरुज सोडू नका.

आता पैसे. 2025 च्या भावाने तटाचं तिकीट 40 युरो, आणि एका दिवसाचा दुब्रोवनिक पासही तेवढ्यालाच, ज्यात तट तर आहेच, वर म्युझियम आणि सिटी बसही येते, त्यामुळे नुसतं तटाचं तिकीट काढण्यात काही अर्थ नाही. बाहेरच्या कड्यावरचा लोव्रियेनात्स किल्लाही त्यातच बघून होतो, पण बरेच जण तट संपला की दमून तो विसरतात. वर सावली जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात सकाळी गेट उघडताच आत शिरायचं नाहीतर सरळ संध्याकाळी जायचं, दुपारी बारा वाजता वर गेलात तर तापलेला दगड आणि समोरच्याची पाठ एवढंच बघाल.

कोटोरचं उलटं आहे. इथला तट साधारण साडेचार किलोमीटर लांब, पण तो शहराला वळसा घालून गप्प बसत नाही, मागच्या डोंगरावर सरळ चढत जातो. त्यामुळे इथे तट बघणं म्हणजे ट्रेकच, साधारण 1350 पायऱ्या, वर समुद्रसपाटीपासून 260 मीटरवर सेंट जॉनचा किल्ला. पायऱ्या झिजलेल्या आहेत, काही ठिकाणी खडे सुटलेत, चपला घालून जाऊ नका. निम्म्या वाटेवर 1518 सालचं एक छोटं चर्च लागतं, जीव वर आला असेल तर तिथूनही खाडी छान दिसते आणि तिथून परत फिरलात तरी कुणी नावं ठेवणार नाही. पण वरपर्यंत गेलात तर जे दिसतं ते दुब्रोवनिककडे नाही, कारण इथे समुद्र उघडा नाहीये, उंच डोंगरांच्या मधून आत घुसलेली वळणावळणाची खाडी आहे. सगळे तिला फ्योर्ड म्हणतात, खरं म्हणजे ती बुडालेली नदीची दरी आहे, हिमनदीने कोरलेली नाही, पण वर उभं राहिल्यावर हा वाद घालायचं कुणाला सुचत नाही. तिकीट 15 युरोच्या आसपास. आणि एक मोठा फायदा म्हणजे डोंगर शहराच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी बराच वेळ पायऱ्यांवर सावली असते, लवकर निघालात तर उन्हाच्या आत वर पोचता.

शहराच्या आत मात्र मला कोटोर जास्त आवडतं, हे आधीच सांगतो. दुब्रोवनिक 1667 च्या भूकंपात जवळपास उद्ध्वस्त झालं आणि नंतर आखून बांधलं, म्हणून स्त्रादून हा मुख्य रस्ता इतका सरळ आणि दोन्हीकडची घरं इतकी एकसारखी आहेत. भव्य आहे, प्रश्नच नाही, रात्री घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर दिवे चमकतात तेव्हा तर बघतच राहावं. पण तिथे राहणारी माणसं कमी आणि बघणारी जास्त असं वाटत राहतं. कोटोरमध्ये आखणी वगैरे काही नाही, गल्ली कुठे वळेल सांगता येत नाही, एका चौकात 1166 सालचं कॅथलिक कॅथेड्रल, जरा पुढे 1195 चं सेंट ल्यूकचं छोटं चर्च, आणि प्रत्येक पायरीवर मांजर. मांजरांचं म्युझियमसुद्धा आहे, तिथे जायलाच पाहिजे असं नाही, फुकटची मांजरं बाहेर भरपूर आहेत.

गर्दी दोन्हीकडे क्रूझमुळे होते. दुब्रोवनिकने एका वेळी जास्तीत जास्त दोन जहाजं अशी मर्यादा घातलीय आणि ती जहाजं ग्रूझ बंदरात लागतात, जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटर लांब. कोटोरला जहाज अक्षरशः वेशीसमोर येऊन उभं राहतं आणि शहर एवढंसं, त्यामुळे एका मोठ्या जहाजात गल्ल्या भरतात. दोन्ही बंदरांची जहाजांची वेळापत्रकं ऑनलाइन मिळतात, हॉटेल बुक करायच्या आधी ती बघा.

समुद्रात डुंबायचं असेल तर दुब्रोवनिक, त्यात दुमत नसावं. बान्ये बीच वेशीपासून चालत जाण्याइतका जवळ आहे, वाळू नाही, गोटे आहेत, पण पाणी स्वच्छ. कोटोर शहरापाशी तसा बीच नाही, थोडं पुढे दोब्रोताच्या बाजूला जावं लागतं आणि तिथेही समोरून जहाजं जात असतात.

आईवडील बरोबर असतील तर लोक पटकन दुब्रोवनिक सुचवतात कारण नाव मोठं. मी उलट सांगेन. स्त्रादून सपाट आहे पण त्याच्या दोन्ही बाजूच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, जुन्या शहरात रूम घेतलीत तर बॅगा उचलून न्याव्या लागतील, आणि तटावरही सारखं चढउतार आहे. कोटोरचं जुनं शहर बहुतेक सपाट, किल्ला त्यांनी नाही चढला तरी चालतं, जवळच्या पेरास्त गावाहून होडीने छोट्याशा बेटावरच्या चर्चला जाऊन यायचं (ते बेट माणसांनी दगड टाकून टाकून तयार केलेलं आहे), आणि 2023 ला सुरू झालेल्या केबल कारने लोव्चेन डोंगराच्या बाजूला 1300 मीटरच्या वर आरामात पोचता येतं. दुब्रोवनिकलाही स्र्ज डोंगरावर केबल कार आहे, ती साधारण 400 मीटरवर जाते, वरून जुनं शहर अगदी पायाशी दिसतं, पण राईड पटकन संपते.

राहण्याजेवण्याचा खर्च कोटोरला कमी येतो, जुलै ऑगस्टमध्ये हा फरक जास्तच जाणवतो. युरो दोन्हीकडे चालतो, क्रोएशियाने तो 2023 पासून घेतला, माँटेनेग्रो युरोपियन युनियनमध्ये नसूनही बऱ्याच वर्षांपासून वापरतोय.

आणि आता खरी अडचणीची गोष्ट, व्हिसा. क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, माँटेनेग्रो नाही. आपल्या पासपोर्टवर चालू शेंगेन व्हिसा असला तर माँटेनेग्रोत थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पण तुमचा शेंगेन सिंगल एंट्री असेल तर दुब्रोवनिकहून कोटोरला गेलात की परत क्रोएशियात शिरता येणार नाही. दुब्रोवनिकहून कोटोरची डे ट्रिप सगळे एजंट विकतात, हा भाग मात्र प्रत्येक जण सांगेलच असं नाही. सिंगल एंट्री असेल तर दुब्रोवनिक आधी, कोटोर शेवटी, आणि परतीचं विमान तिवातहून, ते कोटोरपासून अगदी जवळ आहे. निघण्याआधी नियम एकदा वकिलातीच्या साइटवर बघून घ्या, बदलत असतात.

मल्टिपल एंट्री असेल तर मी दुब्रोवनिकला एकच रात्र राहीन, सकाळी तट, दुपारी लोक्रुम, आणि उरलेले सगळे दिवस कोटोरला. डे ट्रिप उलटसुलट कशीही करा, पण उन्हाळ्यात बॉर्डरवर तासन्‌तास रांग लागू शकते, त्यामुळे त्याच दिवशी विमान पकडायचं धाडस करू नका. मे किंवा सप्टेंबर दोन्हीकडे चांगला. नोव्हेंबरमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून कोटोर बुक करत असाल तर खाडीच्या वरचे डोंगर युरोपातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांमध्ये मोडतात आणि ओल्या झाल्या की किल्ल्याच्या त्या पायऱ्या भयंकर घसरतात.