चिठ्ठीवर साडेतीनशे किलोची नाव, काट्यावर 680

गेल्या वैशाखात आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून 72 हजार रुपयांना एक जुनी फायबरची नाव घेतली आणि पुरते फसलो. पैशाचं दुःख आहेच. पण ती नाव तशीच पाण्यात घातली असती तर आमच्यातला एखादा घरी परत आला नसता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. गिरणा, वाघूर, प्रकाशा, सारंगखेडा, कुठल्याही पाण्यासाठी जुनी नाव बघत असाल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा.

आमची मासेमारी हतनूरच्या फुगवट्यात. तापी-पूर्णेचं पाणी, खाली 41 दरवाज्यांचं धरण. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाण्याला अशी ओढ लागते की जड नाव वल्ह्यानं वळत नाही. आमची पत्र्याची नाव गंजून चाळणी झाली होती. फायबरची हलकी असते, गंजत नाही, पण नवी परवडेना. तेवढ्यात कळलं की नवापूर तालुक्यात, उकाईच्या फुगवट्याकाठी एकाकडे अठरा फुटी नाव विकायला आहे, सोबत दोन चाकी ट्रॉलीही मिळेल.

आम्ही गेलो तेव्हा नाव काठावर दोन ओंडक्यांवर ठेवलेली होती. निळा रंग इतका ताजा की बोटाला चिकटत होता. तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती. पाण्यात राहिलेल्या नावेच्या अंगावर पाण्याच्या पातळीची शेवाळी रेघ उमटते आणि नाव जड होत गेली की ती वर सरकते. त्या रंगाखाली ती रेघ गडप झाली होती.

सव्वादोनशे किलोमीटर ओढून न्यायची होती, म्हणून पहिला प्रश्न वजनाचा विचारला. मालकाने खिशातून काट्याची चिठ्ठी काढली. निव्वळ वजन 350 किलो. "ट्रॉली दोनशेची धरा. साडेपाचशे किलो, तुमची पिकअप हसत ओढेल," म्हणाला. आम्ही फक्त तो आकडा वाचला. चिठ्ठीवरची तारीख चार वर्षांपूर्वीची आणि गाडीचा नंबर भलताच, हे घरी आल्यावर दिसलं. आत पाणी तर नाही ना, असंही विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला, "चार महिने उन्हात पडलीय भाऊ, पाणी राहील कुठे?" आपण खान्देशातली माणसं. मिरची, पापड, कुरडया, सगळं उन्हावर सोडणारी. आम्हाला ते पटलं.

इथेच सगळं घोडं अडतं. फायबरच्या अशा नावेला तळ आणि वरचा पाट असे दोन थर असतात. मधल्या पोकळीत पफ, म्हणजे फुगलेला हलका फोम, भरलेला असतो. नावेत पाणी शिरलं, नाव उलटली, तरी ती बुडू नये म्हणून तो असतो. नवा पफ पाणी धरत नाही. पण वरच्या पाटाला तडे गेले, स्क्रूची भोकं सैल झाली की पाणी आत झिरपतं. दिवसा 44-45 अंशाच्या उन्हात पोकळीतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री थंड झाली की पुन्हा आत ओढली जाते, आणि भेगेवर साचलेलं पाणीही सोबत घेऊन जाते. वर्षानुवर्षं पाण्यात बसून पफ शेवटी ते पिऊन घेतो. एकदा प्यायला की बाहेरचं ऊन काही करू शकत नाही, कारण वाफ निघायला वाटच नसते. फायबर वरून चटका बसेल इतकं तापतं आणि आतला पफ तसाच ओलागच्च राहतो.

विसरवाडी सोडून कोंडाईबारीचा घाट लागला तशी गाडी तापायला लागली. गाडी चालवणाऱ्या माझ्या भाच्याला चढावर पहिल्या गिअरवर यावं लागलं. घाट संपून रस्ता सपाट झाल्यावर वेग घेतला, तर ट्रॉली मागून डावी-उजवी झोकांड्या खायला लागली. समोरून ट्रक येत होते. सगळं पाणी नावेच्या मागच्या भागात साचलं होतं, त्यामुळे ट्रॉलीचा भार चाकांच्या मागे गेला होता आणि जोडाच्या कडीवर वजनच उरलं नव्हतं. अशी ट्रॉली डोलणारच. आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं, आम्ही रस्त्याला दोष देत होतो. दहिवेलच्या अलीकडे उजवं टायर फुटलं. पंक्चरवाल्याने जॅक लावला, दोनदा दाबला, नावेच्या बुडाला पान्याने ठोकलं आणि म्हणाला, "भाऊ, हाई नाव पानी पियेल शे."

साक्रीत काट्यावर गेलो. पिकअप सोडवून, जॅकवर टेकवून नुसती ट्रॉली काट्यावर घेतली: 880. घरी पोचल्यावर नाव उतरवून रिकामी ट्रॉली तोलली: 200. म्हणजे नाव 680 किलोची. नावेचं इंजिन आम्ही पिकअपमध्ये ठेवलं होतं, ते यात धरलेलंच नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीनशेच्या वर लिटर पाणी आम्ही घाटातून ओढत आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाटाचा एक चौकोन कापला. आतून आंबूस, कुजका वास आला. विटेएवढा पफचा तुकडा काढून मासे तोलायच्या काट्यावर ठेवला: 1 किलो 150 ग्रॅम. नव्या कोरड्या पफचा तेवढाच तुकडा 60 ग्रॅम भरतो. इंजिन टांगायच्या मागच्या पाटीत आत प्लायवूड असतं, त्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत घुसला. बाहेर आला तो काळा चिखल घेऊन. त्या पाटीवर इंजिन बसवून आम्ही भर पाण्यात जाणार होतो.

आणि मग ते भोक सापडलं. तळाशी मागच्या बाजूला, रंगाखाली, पेन्सिलीएवढं, एम-सीलने बुजवलेलं. आमच्या आधी कुणीतरी ड्रिल मारून पाणी पाहिलं होतं. म्हणजे मालकाला सगळं माहीत होतं. फोन केला तर म्हणाला, "बघून, पसंत करून घेतली ना?" कागदावर त्याने नेमकं तेच लिहून घेतलं होतं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, बयाणा देण्याआधी नाव तुमच्या समोर, तुमच्या गाडीने काट्यावर न्या. ट्रॉली भरलेली तोला, रिकामी तोला, दोन्ही चिठ्ठ्या स्वतःकडे ठेवा. त्या मापाच्या नव्या नावेचं वजन बनवणाऱ्याकडून विचारून घ्या. पन्नास-साठ किलो फरक रंग-दुरुस्तीचा असू शकतो, दोनशेचा नाही. रुपयाच्या नाण्याने सगळा तळ आणि पाट ठोकत जा. टणक आवाज बदलून बद्द आला की तिथे थांबा. पाणी सोडायचं तळाचं बूच काढून नाव मागे कलती करा आणि अर्धा तास बसून राहा. पाणी आलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, पफने धरलेलं पाणी बुचातून येत नाही. इंजिनाच्या पाटीवर पूर्ण भार देऊन उभे राहा, ती वाकली तर आत लाकूड कुजलंय. सर्वात खात्रीचं म्हणजे तळातल्या सर्वात खोल जागी छोटं भोक पाडून बघणं. मालक नको म्हणाला तर उठून चालायला लागा. आणि ओला पफ निघाला तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती नाव घेऊ नका, कारण संकटात तुम्हाला वर धरायचं काम तो पफ आता करणार नाही.

आम्हाला सगळा पफ खरवडून काढावा लागला. दमट हवेत फायबर चिकटवायचं रेझिन नीट धरत नाही, म्हणून पावसाळा थांबलो. नवी पाटी, नवा पफ, नवा पाट, 38 हजार वर गेले, आणि भाड्याच्या नावेत अर्धा हंगाम काढला. दसऱ्यानंतर काट्यावर 370 भरली तेव्हा पाण्यात उतरवली. रिकामी तरंगत असताना पाणी जिथे टेकलं तिथे पांढऱ्या रंगाने रेघ मारली, तिच्यावर दोन बोटं सोडून दुसरी लाल रेघ. दर अमावास्येला नाव रिकामी करून बघतो. लाल रेघेला पाणी लागलं की नाव वर काढायची, असं पाचही जणांचं ठरलंय.